टाकीच्या काठावरचे मामा

वर्णन: पुरुष, बांधा मध्यम, पद प्राणीगृह सहायक. कामाचे स्वरूप: उंदरांची देखभाल. संशोधनाच्या निष्कर्षांशी सदर कर्मचाऱ्याचा कोणताही संबंध नाही.

सदर कर्मचाऱ्याला पाठीमागे उंदीरमामा म्हणत, तोंडावर नुसतं मामा. त्यांच्या उंदरांच्या मेंदूत आठवणी पुसणारं एक प्रथिन मुद्दाम वाढवलेलं असे. मामांच्या बायकोचंही काही वर्षं तेच चाललं होतं, फक्त मुद्दाम कोणी केलं नव्हतं.

परीक्षा पाण्याची. गढूळ केलेल्या पाण्याच्या गोल टाकीत, पृष्ठभागाखाली, न दिसणारा एक चौथरा. भिंतीवरची चित्रं लक्षात ठेवून उंदराने पोहत तो शोधायचा. आठवण टिकवणारं नवं औषध टोचलेल्या उंदरांची पाळी मामांनी मागून घेतली. बिनऔषधाचे कामावरच्या जोडीदाराकडे गेले. जोडीदार फोनवर बोलत टाकीभोवती फिरायचा. मामा टॉवेल घेऊन चौथऱ्याजवळच्या काठाशी खांबासारखे उभे. त्यांचे उंदीर सरळ चौथऱ्यावर येत.

"बाई, हे माणसांना कधी?" त्यांनी संशोधक बाईंना विचारलं.

"अजून बरीच वर्षं, मामा."

"तोवर तुम्हीही निवृत्त," जोडीदार म्हणाला. "दोघं मिळून विसरा."

मामा हसले. हसण्यासारखंच होतं.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं, "औषध लागू पडतंय."

"कुणाला?"

"उंदरांना."

"घरात उंदीर झालेत? मग पिंजरा लावा की."

एके सकाळी चाचणी चालू असताना शेजारणीचा फोन आला, बायको जिन्यात बसून घर कुठलं ते विचारतेय. मामा फोन घेऊन दाराशी गेले. पाण्यातला उंदीर चौथरा सोडून दाराकडे वळला आणि त्यांच्यासमोरचा काठ खरवडू लागला. पुढचाही तसाच.

बाईंनी खुर्ची मागे सारली. "मामा, जरा खिडकीपाशी जा बघू."

मामा गेले. उंदीरही गेला.

"हे चित्रांकडे बघतच नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही दिसलात की येतात. त्याला आठवण कशाला लागते?"

"मी हललो नसतो तर?"

"तर मी पेपर छापला असता."

टाकीभोवती पडदा लावला, चित्रं पडद्यावर टांगली, मामा पडद्यामागे. औषधाचे उंदीर बिनऔषधाच्यांइतकेच भरकटले. शेजारणीने बायकोला घरात नेऊन बसवलं होतं, तेवढं एक काम त्या दिवशी झालं.

अहवालात नोंद झाली: 'सदर कर्मचाऱ्याच्या उपस्थितीमुळे आधीचे निष्कर्ष ग्राह्य नाहीत. औषधाचा परिणाम आढळला नाही. प्राण्यांची नियमानुसार विल्हेवाट लावण्यात आली.' ती मामांनी लावली.

औषध चाललं नाही, हे त्यांना घरी सांगावं लागलं नाही. चालतंय असं सांगितलेलं बायकोच्या लक्षातच नव्हतं.