कागदाला लागलेलं कुंकू

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा इथे अमेरिकेत, आयसेलिन गावातल्या एका किराणा दुकानात माल लावतात, आई त्याच रस्त्यावरच्या हॉटेलच्या किचनमध्ये पोळ्या लाटते. कॉलेजच्या लायब्ररीत मी नेमकं काय करते हे दोघांनाही कळत नसे, आणि मला नीट सांगता येत नसे. जुनी पत्रं वाचते, एवढंच मी म्हणायचे. कुणाची, असं आईने एकदा विचारलं. केव्हाच मेलेल्या लोकांची, म्हटल्यावर तिने विषय सोडला.

लायब्ररीत जुन्या कागदपत्रांची वेगळी खोली आहे. तिथे मला ट्रायलवर घेतलं होतं. एका कुटुंबाने अमेरिकेतल्या यादवी युद्धातली पत्रं दिली होती. त्यांतलं एक, घोडदळातल्या एका मुलाने आईला लिहिलेलं, मी उतरवून काढायचं आणि त्या कुटुंबातल्या आजोबांना मूळ कागदावरून वाचून दाखवायचं. त्यांना आता ते अक्षर दिसत नव्हतं. वाचन नीट झालं तर ग्रंथपाल बाई मला पुढच्या सेमिस्टरलाही ठेवणार होत्या. ते काम मला फार हवं होतं. का, ते सांगता येणार नाही. त्या खोलीत मला भीती वाटत नसे, म्हणून असेल कदाचित.

वाचनाच्या दिवशी निघताना आईने देवासमोरचं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. बसमध्ये पुसावं असं मनात आलं होतं, पण आईचा हात आठवला आणि राहू दिलं. नंतर विसरले.

खोलीत शिरताना हात धुतले, बॅग बाहेर ठेवली. आजोबा आधीच येऊन बसले होते. अंगाने मोठा माणूस, काठी मांडीवर आडवी. बाई माझ्या मागेच उभ्या. मी पहिलं पान वाचलं. घोडी लंगडते आहे, असं त्या मुलाने लिहिलं होतं. ती बरी झाली नाही तर त्याला पायी चालणाऱ्यांत घालतील, आणि नदी ओलांडायचा हुकूम कधीही येईल. दुसऱ्या पानासाठी खुर्ची सरकवली, तेवढ्यात बाहीचा धक्का लागून ते पान खाली पडलं आणि त्याच्या कडेला माझा बूट लागला.

पुढचं मी ठरवून केलं नाही. लहानपणापासून वहीला पाय लागला की जे करते तेच केलं. पान उचललं आणि कपाळाला लावलं.

खाली ठेवलं तेव्हा त्याच्या समासात लाल डाग होता.

मी पुसायला बोट पुढे केलं. "हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. आवाज हळूच होता, पण मी तिथेच थिजले. त्यांनी मला टेबलापासून मागे व्हायला सांगितलं. मऊ ब्रश आणून त्या डागावरून फिरवू लागल्या. पूड निघाली, फिकट गुलाबी खूण राहिली. आजोबांना काय झालं ते दिसत नव्हतं. ते मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होते.

"हे तू का केलंस?" बाईंनी विचारलं.

सरस्वती, विद्या, असलं काही इंग्रजीत सुचेना. कागदाला पाय लागला म्हणून त्याची माफी मागितली, एवढंच मी म्हणाले. आता मला घरी जायला सांगणार, हे मी धरूनच चालले होते.

आजोबांनी काठी टेकवली. आपल्या आत्याने त्याच पत्रावर कित्येकदा कॉफीचा कप ठेवला आहे, तिने कधी माफी मागितली नाही, असं ते म्हणाले. बाई हसल्या नाहीत. पण पान माझ्याकडे वळवून ठेवलं आणि वाच म्हणाल्या.

पुढची ओळ मी आधी कितीदा उतरवली होती. आता ती मोठ्याने वाचली. "आई, या कागदावरचा डाग पाहून घाबरू नकोस. ते रक्त नाही. घोडीच्या खुराला लावायचं डांबर आहे."

आजोबांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

ते गेल्यावर बाईंनी पत्राच्या नोंदीत त्या खुणेबद्दल लिहिलं. ‘कुंकू’ हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा ते मला विचारलं, मी अक्षर अक्षर सांगितलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मंगळवारी ये. हात धुतेस तसं कपाळही धुऊन ये."

घरी आईला सगळं सांगितलं. कपाळ धुवायचं ऐकून तिचा चेहरा बदलला. "कुंकू पुसायला सांगतात? कसली गं ही माणसं?" मी डांबराची ओळ मराठीत करून सांगितली. ती कट्ट्यावरचं पीठ गोळा करत राहिली.

"आला का तो घरी?"

नाही, मी म्हणाले. आजोबांनी जाता जाता सांगितलं होतं.

मंगळवारी मी निघाले तेव्हा आई कुंकवाच्या करंड्याकडे गेली नाही. तिने पाकिटातली एक बारीक टिकली सोडवली, माझ्या कपाळावर चिकटवली आणि अंगठ्याने नीट दाबली.

"हिचा रंग लागत नाही," ती म्हणाली. "जा."