सगळ्यांच्या मागून येणारा मक्या

डब्लिनमध्ये ऑफिसला चाललो होतो, ग्रँड कॅनाल डॉकच्या पुलावर फोन आला. मकरंदचा रूममेट. "मक्या उठतच नाहीये रे..." मला वाटलं, चेष्टा. पण खोटं रडणं मला लगेच ओळखू येतं, नकला करणं हा माझा लहानपणापासूनचा धंदा. हे खोटं नव्हतं. झोपेतच हार्ट बंद पडलं, म्हणे.

बार्शीच्या शाळेत आम्ही एका बाकावर. मक्या कायम सगळ्यांच्या मागे, आणि हाक मारली की लांबून ओरडणार, "आलोऽऽच!" मी ते इतकं हुबेहूब करायचो की त्याची आई पोळी तव्यावर टाकायची आणि दारात मी. "सुम्या, मेल्या, तू होय!"

या उन्हाळ्यात आम्ही दोघं डब्लिनहून पार नॉर्वेच्या वर, स्वालबार्डला गेलो. एका दिवसाचा ट्रेक. झाड औषधाला नाही, सूर्य मावळत नाही, आणि गाईडबाईच्या खांद्यावर अस्वलासाठी बंदूक. पांढऱ्या पक्ष्यांनी माझ्या टोपीवर चोची मारल्या, बुटक्या रेनडियरांनी ढुंकून पाहिलं नाही. मक्या खूश, "ग्रँड आहे यार!" मग धुकं उतरलं आणि मागे एक कोल्हा दिसला. इथला कोल्हा अस्वलामागे फिरतो, उरलंसुरलं खायला, असं म्हणत बाईंनी बंदूक हातात घेतली. अस्वल कुठेच नव्हतं. कोल्हा आमच्याच मागे होता... आणि मक्या दिसेना. "मक्या!" काही नाही. परत हाक मारली... नुसता वारा. मग खूप लांबून, "आलोऽऽच!" सगळे हसले. मक्या धुक्यातून आला, आणि कोल्हा त्याच्यामागे येऊन शांत बसला, घाई नसल्यासारखा. "तुझ्या चिवड्यावर डोळा आहे त्याचा," मी म्हणालो. मक्या छाती चोळत म्हणाला, "चिवडा केव्हाच संपला रे."

तिथून आल्यावर थोड्याच दिवसांत तो पुलावरचा फोन.

परवा काकूंचा, मक्याच्या आईचा, फोन आला. पोळ्या लाटता लाटता इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "सुम्या, एकदा त्याच्यासारखं म्हण ना."

"नको ना काकू..." त्यांना बरं वाटेल की त्या पार मोडतील, मला कळेना.

"मी हाक मारते, तू फक्त ओ दे." आणि खरंच मारली. "मकरंद, जेवायला चल!"

मी फोन तोंडापासून लांब धरला आणि म्हणालो, "आलोऽऽच!"

पलीकडे लाटणं थांबलं. मग ताट ठेवल्याचा आवाज आला, आणि काकू अगदी रोजच्यासारख्या म्हणाल्या, "हात धुऊन ये. पान वाढलंय."