चिमटा लावून निवडलेला टोमॅटो

आमच्या पूर्व केंटकीतल्या गावात ऑगस्टमध्ये चर्चमागच्या शेडखाली टोमॅटो चाखायला सगळे जमतात. ज्याने त्याने आपल्या परसातले टोमॅटो आणायचे, फोडी करून ताटलीत मांडायच्या, पुढे जातीचं नाव लिहायचं. चाखून लोक पुढच्या वर्षीची रोपं ठरवतात. त्या वर्षी वर्लीनबाई नाकाला कपड्यांचा चिमटा लावून आल्या.

"आमच्या टोमॅटोंना वास येतो की काय?" फोडी कापता कापता गावातला लॉन्झो म्हणाला.

"येऊ नये म्हणूनच लावलाय. तू काप."

त्यांचे यजमान हॉबर्ट, शाळेच्या बसचे जुने ड्रायव्हर. आदल्या हिवाळ्यातल्या तापानंतर त्यांना वास येईनासा झाला. पांढरा पाव, मेयोनेज, मीठ आणि टोमॅटोची जाड फोड, एवढ्यावर ज्यांचे उन्हाळे गेले, ते आता अर्धं सँडविच ताटात सोडून उठायचे. "ओला कागद," म्हणायचे. पण जिभेला आंबट, गोड, खारट कळत होतं. मग वास येत नसतानाही चांगला लागणारा टोमॅटो असेलच ना कुठेतरी? परसात जागा तीनच रोपांची. चुकीची जात लावली की पुढचाही उन्हाळा गेला.

बाईंनी आधी स्वतःचाच चेरोकी पर्पल तोंडात टाकला. कित्येक वर्षं त्या तोच लावत आल्या होत्या. चावता चावता त्यांचा चेहरा उतरला.

"खरंच की, ओला कागद. आणि मी हॉबर्टला इतके महिने हट्टी म्हणतेय."

मग बोराएवढा सन गोल्ड. "गोड आहे. पण पावात कसा टिकणार? घरंगळून जाईल." मग गुलाबी, पिवळे, काळपट. मी ताटल्या पुढे सरकवत होतो. हिरव्या पट्ट्यांच्या ग्रीन झेब्रापाशी त्यांनी डोळे मिटले, खांदे वर गेले. पुन्हा एक फोड. मग चिमटा काढून तिसरी.

"चिमट्याशिवाय मला नाही आवडत," त्या म्हणाल्या, आणि रोपांसाठी त्याच्याच बिया कागदी रुमालावर पुसून घेतल्या.

वसंतात तिन्ही रोपं त्याचीच लागली.

"तुझा चेरोकी कुठंय?" हॉबर्टनी विचारलं.

"यंदा नाही."

"वेडी आहेस. चव तुला कळते, मला नाही. स्वतःपुरता तरी एक लावायचास."

"रोपाची काठी धर सरळ. बोलू नकोस."

पुढच्या ऑगस्टमध्ये मी, त्यांचा शेजारी, त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. बाईंनी हिरव्या फोडींचं सँडविच हॉबर्टपुढे ठेवलं आणि आधीच धुतलेली सुरी पुन्हा धुवायला घेतली. हॉबर्टनी घास घेतला. मग पाव उघडून आत पाहिलं.

"पिकलाय का हा?"

"पिकलाय. कसा आहे?"

"आंबट."

"आणि?"

त्यांनी दुसरा घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

"थांब," ते म्हणाले. "चव शोधतोय." आणि डोळे सँडविचवरून न हलवता त्यांनी मिठाकडे हात नेला.