सेकंदराव आणि अण्णांचा उजवा हात

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा ग्रँडमास्टर समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचा. मी जिन्यात गाठून "अरे, पाण्याची मोटर..." एवढंच म्हणावं, की "बंद केली ताई!" म्हणत हा फाटकाबाहेर. मला ती चालू करायला सांगायची होती. दिवसभर टाकी कोरडी. सेकंदराव हे नाव मीच ठेवलं होतं, आणि आज मला ते फारच सौम्य वाटतं.

नागपूरहून तो इथे महादेवपुऱ्यात कंपनीच्या नोकरीसाठी आला, वर्षभरात नोकरी सोडली आणि आमच्या भाड्याच्या खोलीत बसून लॅपटॉपवर एक-एक, तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळू लागला. त्या खेळात त्याची कीर्ती मोठी होती, हे कबूल करते. भल्याभल्यांना त्यानं हरवलं होतं. पण कसं हरवलं ते ऐका. समोरच्याची चाल यायच्या आधीच हा आपली चाल टाकून ठेवायचा. सुरुवातीलाच राजा उगाच पुढे काढायचा, म्हणजे समोरचा बुचकळ्यात पडून चार सेकंद घालवणार. वजीर गेला तरी डाव सोडायचा नाही. उरल्यासुरल्या घोड्यानं शह देत समोरच्याचा वेळ खाऊन टाकायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, तू तर हरत होतास!" तर म्हणाला, "पोझिशन काय चाटायची आहे का ताई? घड्याळ पाहा ना!" तासन्‌तास चालणाऱ्या स्पर्धांतूनच त्यानं ग्रँडमास्टर ही पदवी मिळवली होती, पण आता तिथे त्याचं नाव यादीच्या मधे कुठेतरी असायचं. तिथे समोरचा माणूस विचार करत बसतो, आणि याला ते सहन होत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, याच्या अगदी उलट. चिकपेटेत आमचं साड्यांचं दुकान होतं तेव्हा शेजारच्या कुलूपवाल्याशी त्यांचा एकच डाव सोमवारी सुरू होऊन गिऱ्हाइकं सांभाळत गुरुवारपर्यंत चालायचा. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात निम्मा गेला. तेव्हापासून घरात सगळे त्यांना जिंकू देऊ लागले. पत्त्यांत जावई हरायचा, पटावर मी वजीर उघड्यावर सोडायची. अण्णांना ते कळायचं. "वजीर दिसला नाही होय तुला? सरी," म्हणायचे, म्हणजे इथल्या कानडीत "ठीक आहे", आणि पट मिटून ठेवायचे.

एके दिवशी त्यांनी हट्ट धरला: वरच्या ग्रँडमास्टरशी एक डाव खेळायचा, आणि खराच. मी गुपचूप वर गेले. "हे बघ, अण्णांशी खेळशील ना, तेव्हा जरा..." म्हणेपर्यंत "हो ताई, नक्की!" आलं. मी निश्चिंत होऊन खाली आले. मूर्ख मी.

रविवारी सकाळी तो घड्याळ घेऊन खाली आला. अण्णांना पाच मिनिटं, त्याला एक. नेहमीसारखा राजा पुढे काढून त्यानं थट्टा मांडली आणि अण्णांनी दहा-बारा चालींत त्याचा वजीर कोंडून मारला! मला वाटलं, पोरगा शब्द पाळतोय. मग त्याचे कान लाल झालेले दिसले आणि कळलं, हा खरोखर हरतोय. फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे अण्णा थरथरत्या उजव्या हातानं चाल करत आणि डाव्यानं घड्याळाचं बटण दाबत. आता फक्त दोन चालींत मात होती, आणि अण्णांच्या घड्याळात काही सेकंदच उरले होते. त्यानं घड्याळ थांबवलं.

"काका, ज्या हातानं चाल, त्याच हातानं घड्याळ. नियम आहे जी."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "मग इतका वेळ काय झोपला होतास?"

"पहिल्या चालीपासून पाहून राहिलो होतो ना, ताई."

"तू स्वल्प थांब," अण्णा मला म्हणाले, आणि त्याला, "सरी. नियम तो नियम."

डाव्याच हातानं सगळं केलं असतं तर अण्णा जिंकलेच असते. पण त्यांना ते करायचं नव्हतं. उजव्या हातानं त्यांनी हत्ती सरकवला. हात उचलला, घड्याळाकडे निघाला, आणि वाटेतच होता तेव्हा शून्य आलं. "टाइम, काका," म्हणून सेकंदराव उठला. मी शब्दाची आठवण करून दिली तर म्हणाला, "तुमचं वाक्य पुरं ऐकलंच नव्हतं, ताई." ताटलीतली चकली उचलून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. ती चकली परत घ्यावीशी वाटली मला.

अण्णांनी तसलंच घड्याळ मागवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून टकटक सुरू झाली. व्यायामाचा रबरी चेंडू कोपऱ्यात पडला. अण्णा सकाळ-संध्याकाळ हत्ती सरकवत आणि त्याच हातानं बटण दाबत. त्यांना परत खेळायचं होतं. मी निरोप दिला. "हो ताई!" महिन्याभरात तो खोली सोडून दुबईला गेला, अण्णांचा निरोपही न घेता. मी मेसेज केला की ते वाट बघतायत. उत्तर लगेच आलं: "वेळ नाही ताई." एवढे लोकांचे सेकंद खाल्ले, ते गेले कुठे?

अण्णांना सांगितलं तेव्हा ते पटाकडे बघत म्हणाले, "त्या एकट्यानंच मला आजारी धरलं नाही." मला हे मुळीच पटलं नाही. त्यानं त्यांना माणूस तरी कुठे धरलं होतं?

गेल्या रविवारी त्यांच्यासमोर मी बसले. वजीर सोडला नाही. अण्णांचे शेवटचे सेकंद उरले तसा त्यांचा डावा हात हळूच घड्याळाकडे निघाला.

"अण्णा," मी म्हटलं, "ज्या हातानं चाल, त्याच हातानं घड्याळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झटका आल्यापासून असे हसलेले मी पाहिले नव्हते. उजवा हात वळला, थरथरत बटणावर पडला, आणि घड्याळात दोन सेकंद शिल्लक होते. पुढच्या चालीला माझ्यावर मात झाली, खरीखुरी. त्या मेल्याचं वाक्य माझ्या तोंडून निघावं, याचा संताप मात्र अजून जात नाही.