मामंजींनी उचललेलं माझं मत

माझं मत मला न विचारता मारुतीपुढं ठेवलं गेलं, तेव्हा मी चुलीपाशी भाकरी थापत होते. परंड्याजवळचं आमचं गाव. निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झालेली, आणि मतदारयादीत माझं नाव पहिल्यांदाच आलेलं. झाडाच्या चित्राचा उमेदवार मारुतीला सभामंडप बांधून देणार होता. म्हणून घरोघरच्या कर्त्या माणसांनी देवळात बेलभंडार उचलला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द तो. मोडला तर घराचं वाटोळं होतं, असं सगळे धरून चालायचे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, घरी येऊन म्हणाले, "आपल्या घरची पाची मतं झाडाला. म्या बेल उचललाय."

"पाची?" मी म्हणाले. मामंजी, सासूबाई, मालक, धाकटे दीर आणि पाचवी मी. तवा तापला होता, अन् मीही.

सासूबाईंनी डोळे वटारले. "बाईच्या जातीला काय करायचंय त्यातलं?"

खरं सांगते, झाडवाल्यावर माझा काही राग नव्हता. छत्रीच्या चित्राचा उमेदवारही मी एकदाच पाहिलेला. सायकल ढकलत तो बारवेवर आला आणि आम्हा बायकांना म्हणाला, "आक्का, पाणी उन्हाळाभर पुरतं का?" आम्ही पदर ओढून मुक्या उभ्या. पण तो उत्तराची वाट बघत बराच वेळ थांबला. ते त्याचं थांबणं माझ्या डोक्यातून जाईना. मी कळंबच्या बाजारपेठेत वाढलेली, सातवी शिकलेली. गुळाची ढेप घ्यायची तरी आमच्याकडं टोकरून चव बघत. आणि इथं माझं मत चव न बघताच कुणीतरी देऊन टाकलेलं!

मतदानाआधीचे आठ दिवस जिवाला चैन नव्हती. भाकरी करपायच्या, दूध उतू जायचं. मालकांना विचारलं, "तुम्ही स्वतः उचलला का बेल?"

"आबांनी उचलला म्हंजी आपण उचलला. तू नसता फाटा फोडू नको."

मतदान शाळेत होतं. सासूबाई पुढं, मी मागं. बोटाला शाई लागली, हातात कागद मिळाला. तेव्हा शिक्का नव्हता. पडद्याआड दरेक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चित्र. झाडाच्या पेटीवर कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं. पुढं हात जाईना, माघारी पाय फिरेना. बाहेरून साहेब ओरडला, "बाई, आटपा की!" तशी मी कागद छत्रीच्या पेटीत ढकलला आणि बाहेर पडले.

"नीट टाकलंस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नीटच टाकलं."

पंधरा दिवसांत माझ्या दोन वर्षांच्या लेकीला गोवर निघाला. गावात आणखीही पोरांना निघाला होता, पण मला माझीच तेवढी दिसत होती. अंग तव्यासारखं भाजायचं. सातवी शिकलेली मी, सगळं शिक्षण कुठल्या कुठं गेलं. तीन दिवस तोंड दाबून काढले. चौथ्या दिवशी दुपारी मामंजी ओसरीवर दोर वळत होते, त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मामंजी, माझं मत छत्रीला गेलं. पोरीला काही झालं तर ते माझ्यामुळं."

त्यांचे हात थांबले. मग म्हणाले, "शपथ म्या घेतली हुती. मोडली तर माझी मोडली. पोरीच्या डोस्क्यावर कशापायी घालतीस?"

उठले, अंगावर घागर ओतून घेतली आणि ओलेत्यानं मारुतीला गेले. भर दुपारी, लोकांच्या देखत, पायरीवर नाक घासलं. लोकांनी कारण विचारलं, ते त्यांनी सांगितलं नाही. सोललेलं नाक घेऊन घरी आले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. लेक बरी झाली. झाडवाला निवडून आला, सभामंडपाचे चार खांब उभे राहिले आणि तसेच राहिले.

पाच वर्षं मी त्यांच्यापुढं तांब्या ठेवायचे आणि ते सासूबाईंना हाक मारायचे. राग यायचा, लई यायचा! मत माझंच होतं ना? मग मी चोरासारखी का वावरते? पण ते सोललेलं नाक आठवलं की तोंडातला शब्द तोंडातच राहायचा.

पुढची निवडणूक आली. गावची मंडळी या वेळी आमच्याच ओसरीवर बसली, बेलाची पानं ताटलीत घेऊन. मी दाराआड उभी. एकानं ताटली पुढं केली, "तुमच्या घरची पाच धरतो."

"माझं एक धरा," मामंजी म्हणाले. "बाकीच्यांचं त्यांस्नी इचारा."

तो हसला. "सुनंलाबी इचारायचं का काय?"

"व्हय. आधी तिलाच इचारा."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. मी पदर सावरून उंबऱ्यावर आले.

"न्हाय सांगणार," मी म्हणाले.

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. ताटलीतलं पानही उचललं नाही. घसा खाकरून एवढंच म्हणाले, "सूनबाई, पाणी आण."

मी तांब्या पुढं केला. घाईत निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. उरलेलं ते प्याले.