देण्याची साडी आणि आमचा कंप्युटर

कापड दुकानात काम केलेल्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. कापडाचा तागा फाडला की चिंधी उरते, तसा दर गिऱ्हाइकामागं एक किस्सा उरतो. अन् आमच्या हिंगोलीच्या दुकानात कंप्युटर आल्यापासून तर कापड कमी अन् चिंध्याच जास्त, अशी गत होती. परवा मैत्रिणींत बसले होते. एक सांगितला, तर म्हणे आणखी सांग. काय सांगू बाई, डोकं उठायचं नुसतं!

दोन हजार साल उलटून गेलं होतं. दुकान अप्पांचं. त्यांचा मुलगा गिरीश, त्याला आम्ही गिरीशभैय्या म्हणायचो, पुण्याला एमबीए करून आला अन् येताना कंप्युटर घेऊन आला. मी नुकताच कंप्युटरचा कोर्स केला होता, म्हणून मला ऑपरेटर म्हणून ठेवलं. गिरीशभैय्याचं एकच पालुपद, की अंदाजावर धंदा करायचे दिवस गेले, आता डेटा बोलेल. अप्पांनी आधी मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"लगीनसराई सरेपर्यंत पाहू," ते म्हणाले. "फायदा दाखवला तर राहील. न्हाई तर हे बी घरी अन् तू बी घरी."

माझ्या घरी त्याहून वाईट. वडिलांनी स्थळं बघायचं थांबवलं होतं ते निव्वळ नोकरी लागली म्हणून. नोकरी सुटली की येईल त्या पहिल्या स्थळाला हो म्हणायचं, असं त्यांनी बजावून ठेवलेलं. मला इतक्यात लग्न करायचंच नव्हतं. म्हणजे त्या डबड्यानं फायदा दाखवण्यावर माझं सगळं अडकलेलं, अन् ते डबडं गिरीशभैय्याच्या ताब्यात!

*

पहिला दणका लोडशेडिंगचा. आमच्याकडं सकाळी लाइट जायची ती दुपारीच यायची. तोवर आमचे जुने सेल्समन माणिकमामा बिलं हातानं लिहायचे. लाइट आली की मी ती सगळी बिलं कंप्युटरवर चढवायची. कंप्युटर आपला एन्ट्री झाली तीच विक्रीची वेळ धरायचा.

काही दिवसांनी गिरीशभैय्यानं ग्राफ काढला. सकाळी विक्री काहीच नाही, दुपारी एकदम डोंगर. झालं! म्हणाला, सकाळी गिऱ्हाईक येतच नाही, उगाच माणसं बसवून ठेवतो आपण, दुकान आता दुपारीच उघडायचं. मी म्हटलं, भैय्या, सकाळी लाइट नसते हो, म्हणून तसं दिसतंय. तर मलाच ऐकवलं, "तुम्ही भावनेनं बोलता, मी आकड्यानं बोलतो."

सकाळच्या गाडीनं डोंगरकड्यासारख्या खेड्यांतून आलेली माणसं आमचं बंद शटर बघून समोरच्या दुकानात जायला लागली. आम्ही दुपारी शटर वर करून माशा मारत बसायचो. तेवढ्यात लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं. आता दुपारी लाइट गुल अन् एन्ट्र्या संध्याकाळी. पुढच्या ग्राफात डोंगर सरकून संध्याकाळवर गेला.

मला वाटलं, आता तरी ह्याची ट्यूब पेटेल. गिरीशभैय्या तर खुशीत अप्पांकडं गेला. "बघा अप्पा, लोकांना आपली नवी वेळ बरोबर कळाली. आता आणखी थोडं उशिरा उघडू."

अप्पांनी त्याच्याकडून दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या.

*

मग निघालं की गिऱ्हाइकाची माहिती पाहिजे. नाव, गाव, वय, घरात माणसं किती. आता परकर घ्यायला आलेल्या बाईला कुणी वय विचारतं का? तांड्यावरची एक आजी आली होती. तिला वाटलं मी सरकारी सर्वेवालीच आहे. तिनं हातातलं कापड तिथंच ठेवलं, घरात कुणीच न्हाई म्हणून सांगितलं अन् बाहेर उभी असलेली दोन्ही पोरं घेऊन निघून गेली. मी कपाळाला हात लावला.

माणिकमामांना ह्या प्रकाराचा भारी वैताग. पण त्यांच्या बिलांवर गाव मात्र रोज न चुकता भरलेलं. गिरीशभैय्यानं रिपोर्ट काढला तर निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक हट्ट्याचं! त्यानं लगेच हट्ट्याला जीप पाठवली, भोंगा लावून. आठवडी बाजाराच्या दिवशी जीप दिवसभर गावात फिरली. शाखा काढायची तर जागा कुठं घ्यायची, हेही तो बघून आला.

दुसऱ्या दिवशी हट्ट्याहून माणसं आली, नाही असं नाही. माणिकमामांचे दोन भाऊ, मेव्हणा अन् चुलती. चहा घेतला, मामाची ख्यालीखुशाली विचारली, ओळखीत भाव कमी करून घेतला अन् गेली.

तेव्हा अप्पांनी मामांना बोलावून विचारलं, की हे एवढं हट्टा-हट्टा काहून लिहून ठेवलं? मामा शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाईक उभं राहून राहिलं अन् मी गावं इचारत बसू का, अप्पा? कोणतं तरी लिहायचंच होतं, मग आपलंच गाव लिहिलं."

*

बोहनीचं तर विचारूच नका. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, हा अप्पांचा नियम. पडेल त्या भावानं द्यायचं, पण द्यायचं. रिपोर्टात रोजचं पहिलं बिल तोट्यात दिसायचं. गिरीशभैय्यानं वाद घालून घालून अप्पांकडून कबूल करून घेतलं, की उद्यापासून पहिलं बिल पूर्ण भावानं.

अप्पा शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच एक रुमाल पूर्ण भावानं विकत घेतला, माझ्याकडून त्याचं बिल करून घेतलं अन् मग पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकाला नेहमीसारखं पडत्या भावात दिलं. मग रोज तेच. गिरीशभैय्या सगळ्यांना सांगत सुटला, की बघा, नुसतं आकड्यांवर लक्ष ठेवलं तर केवढी सुधारणा होते. मी रोज रुमालाचं बिल फाडत राहिले. मला माझी नोकरी प्यारी.

पुढं त्यानं सगळ्यात नियमित गिऱ्हाइकाला बक्षीस द्यायची स्कीम काढली. कंप्युटरला विचारलं. कंप्युटरनं अप्पांचं नाव दिलं. बक्षीस होतं रुमालांचा डबा.

*

अन् मग साडी. आमच्याकडं एक साडी असते, देण्याची साडी. गिऱ्हाईक आल्या आल्या सांगतं, नेसायची नको, देण्याची दाखवा. लग्नात पाव्हण्यांना आहेर करायला. भाव कमी, चकाकी जास्त. ती कुणी नेसत नाही. आहेरात आली की तशीच कपाटात जाते अन् पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत. पण कंप्युटरात 'नेसायची' अन् 'देण्याची' असा काही कप्पा नव्हता. साडी म्हणजे साडी.

गिरीशभैय्याच्या रिपोर्टात सगळ्यात जास्त खपलेली साडी निघाली पोपटी रंगाची, लाल काठाची. त्यानं निष्कर्ष काढला, की आपल्या भागातल्या बायकांना पोपटी रंग जीव की प्राण. सुरतेहून त्याच साडीची गाठोडीच्या गाठोडी मागवली. काचेत उभ्या केलेल्या पुतळीलाही तीच नेसवली. मी म्हटलं, भैय्या, ही साडी कुणी नेसत नाही.

"खपते ना?"

"खपते."

"मग?"

गाठोड्यांनी वरचा माळा भरला. अप्पांनी वर एकदा पाहिलं अन् मला सांगितलं, की सराईच्या शेवटी हा माल उरला तर कंप्युटर त्याच गाठोड्यावर बांधून परत पाठवीन. त्यात मीही आलेच. घरी वडिलांनी एका स्थळाची पत्रिका आणूनही ठेवली.

माल काही हलेना. मी रोज कंप्युटर चालू केला की आधी तो शिल्लक आकडा बघायची. गिरीशभैय्यावर असा राग यायचा, की पुतळीची ती साडी ओढून त्यालाच नेसवावी.

अन् सराई संपत आली तसा एकदम चमत्कार झाला. पोपटी साडी उठायला लागली. एकेकजण दोन-दोन घेऊन जायला लागलं. अप्पांचे चुलतभाऊ आले, अप्पांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या माहेरची आली, शेजारपाजारची आली, वसमतचे, कळमनुरीचे नातेवाईक आले. माळा रिकामा झाला. शेवटी पुतळीच्या अंगावरची होती, तीही काढून द्यावी लागली. गिरीशभैय्यानं पेढे वाटले. मी घरी जाऊन सांगितलं, ती पत्रिका परत पाठवा. त्या दिवशी किती दिवसांनी नीट जेवले म्हणून सांगू.

सराईतलं शेवटचं लग्न अप्पांच्याच घरचं होतं, त्यांच्या मुलीचं, मनीषाचं. सगळा गोतावळा लोटला. अप्पांच्या घरचा आहेर दुसऱ्या दुकानातून कोण घेईल? अप्पांना राग नाही का येणार? लग्न लागलं, जेवणं झाली अन् दुपारी काकूंनी मला आहेराच्या खोलीत बोलावलं, पिशव्या उघडायला मदत कर म्हणून.

मी पहिली पिशवी उघडली. पोपटी, लाल काठाची. दुसरी उघडली. पोपटी. तिसरी काकूंनी उघडली अन् त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मग आम्ही दोघी उघडतच गेलो. आमच्याच दुकानाच्या पिशव्या, आमचंच लेबल, काहींवर तर माझ्याच हातानं चिकटवलेली किंमत. खोलीच्या कोपऱ्यात ढीग लागला. पुतळीची साडीसुद्धा त्यात होती, टाचणीची भोकं दिसत होती.

काकूंनी अप्पांना बोलावलं. मागोमाग गिरीशभैय्या आला. त्यानं एका पिशवीवरचं लेबल वाचलं, मग दुसरीवरचं. अप्पा ढिगासमोर उभे राहिले ते उभेच. बाहेर वाजंत्री वाजत होती. माझ्या डोळ्यांसमोर ती परत पाठवलेली पत्रिका यायला लागली. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी घाबरत घाबरत विचारलं, "अप्पा, ह्या कंप्युटरात कशात टाकू? परत आलेल्या मालात?"

अप्पांनी वाकून एक साडी उचलली, काठ चिमटीत धरून पाहिला, घडी होती तशी जागेवर ठेवली.

"परत आलेल्यात काहून? नव्या खरेदीत टाक," ते म्हणाले. "भाव लिही शून्य. अन् सोमवारी टायमावर ये, पुढच्या सराईला ह्याच विकायला काढायच्यात."