दाजींचा लाल रंग

आमचे तायस्तो दाजी, म्हणजे थोरल्या हिल्काताईचे यजमान, इसाल्मीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचे. माणूस तसा घुमा, पण शनिवारी सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीत, तापल्या दगडांवर पाणी ओतलं की खुलायचा. आमच्याकडे सौनातून माणूस लाल होऊनच बाहेर यायला हवा. फिकट निघाला तर बायका विचारतात, आत बसला होतास की दाराशी उभा होतास?

नोव्हेंबरात दाजी डोक्यापासून टाचेपर्यंत लालबुंद निघायला लागले. खोटं कशाला बोलू, मी जळलोच.

"दाजी, या वयात हा रंग? आम्हाला लाजवताय की काय?"

शेजारचा ओन्नी म्हणाला, "म्हाताऱ्याचं रक्त बघ कसं सळसळतंय."

दाजी खूश. पुढे ते सोमवारीही लाल, गुरुवारीही लाल. ताई कौतुकाने सांगायची, "यांना शनिवारची धग आठवडाभर पुरते." अंथरुणात कातडीचे पापुद्रे पडायचे, ते ती झाडून टाकायची. खाज सुटायची म्हणून सौनात अंगावर मारायच्या बर्च झाडाच्या डहाळ्यांनी आम्ही त्यांची पाठ आणखी बडवायचो. वर सारखी थंडी वाजायची. आता थंडीवर आम्हाला दुसरा उपाय माहीत तरी आहे का? दाजी रोज सौनात बसू लागले.

फेब्रुवारीत पाय सुजले, हुडहुडी थांबेना, तेव्हा कुठे आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी दाजींचा सदरा वर केला आणि पाठीवरून बोट फिरवलं.

"हे कधीपासून?"

"मी सौनात जातो," दाजी म्हणाले, जणू तेवढ्यात सगळं आलं.

रक्ताची तपासणी करून आल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "रोग रक्तात आहे. कातडी नुसती सांगत होती. तुम्ही यांना दर आठवड्याला उघडं बघता ना? मग किती दिवस सांगत होती, ते तुम्हीच सांगा."

"नोव्हेंबरपासून."

"नक्की?"

"नक्की. तेव्हापासून आम्ही त्यांची तारीफ करतोय."

बाईंनी नोव्हेंबर एवढंच लिहून घेतलं. दाजी खाटेवरून माझ्याकडे बघून हसले, मलाच धीर द्यायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी एप्रिलात गेले.